मदत हवी आहे: तीन वर्षांच्या मुलीला खुणा शिकवतोय

नमस्कार, आम्ही फोंड्याला राहतो. लेक तीन वर्षांची, डेव्हलपमेंटल डिले आहे (म्हणजे वाढीचे टप्पे उशिरा येतात), ऐकू नीट येतं (टेस्ट झालीय) पण शब्द दोनच, आई आणि पेजेला 'पे'. थेरपिस्ट म्हणाल्या बोलता बोलता खुणाही करा, त्याने बोलणं मागे पडत नाही उलट आधार मिळतो. मग पाणी, आणखी, झालं एवढ्या तीनच खुणा घेतल्या, जेवताना तोंडाने शब्द म्हणत दर वेळी करतो. पाच आठवडे काहीच नाही आणि काल पेज संपल्यावर तिने आपणहून 'आणखी' केलं, बोटं जुळली नाहीत पण केलं हो, मी रडलेच.

आता विचारायचंय, तिची अर्धवट खूण तशीच मान्य करायची की हात धरून सुधारायची? सासूबाई कोंकणीत 'उदक' म्हणतात, मी 'पाणी', खूण एकच ठेवली तर गोंधळ होईल का? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राच्या कोशात 10,000 शब्द आहेत, व्हिडिओ बघते, पण पुढचे पाच-सहा कुठले घेऊ? ज्यांनी घरी केलंय त्यांनी प्लीज सांगा.