शब्दचर्चा : टॅप डान्समधलं ‘चोरणं’ मराठीत कसं सांगाल?

विचारणा

टॅप डान्स, म्हणजे बुटांच्या आवाजाने ताल वाजवायचा अमेरिकन नाच, एका पिढीकडून दुसरीकडे कसा गेला, यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. नाचाचा भाग निभावला, शब्दांनी मात्र घाम फोडलाय. तीन ठिकाणी अडलेय.

पहिला ‘हूफर’. अमेरिकेतले जुने कृष्णवर्णीय टॅप नर्तक स्वतःला अभिमानाने हूफर म्हणवून घेत. शब्दशः खूरवाला. मराठीत ‘खूर’ म्हटलं की थेट गोठ्यात जाऊन पोचतो आपण.

दुसरा ‘स्टेप चोरणे’. तिथे हा शिकण्याचा राजमार्ग. १९२०-३० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, लाफायेत थिएटरला लागून, हूफर्स क्लब होता. क्लब कसला, पत्त्यांच्या अड्ड्यामागची खोली, एक जुना पियानो आणि नाचायला बरी अशी जमीन. लोक वेळीअवेळी यायचे, नाचायचे, दुसऱ्याचे पाय टिपून घ्यायचे. नियम एकच : दुसऱ्याची स्टेप जशीच्या तशी करायची नाही. म्हणजे चोरी चालेल, नक्कल नाही! ‘चौर्य’ लिहिलं तर पोलीस केस वाटते, ‘आत्मसात करणे’ लिहिलं तर शिक्षण खात्याचं परिपत्रक.

तिसरा, या सगळ्या पिढ्यांच्या साखळीला काय म्हणायचं? सध्या ‘घराणं’ लिहून ठेवलंय. पण मनाला पटत नाहीये.

प्रतिसाद

घराणं का नको? मी कथकची विद्यार्थिनी. आमच्याकडे पायांचं काम, लयकारी, गुरूसमोर बसून बोल पाठ करणं हे सगळं आहे आणि त्यांच्याकडेही ते आहेच की. त्यांच्यातला जिमी स्लाइड पायांवर घसरत घसरत लय मोडायचा, चक ग्रीनचं काम अगदी सावकाश नि स्वच्छ. हे बघून कथकची लखनौ-जयपूर घराणीच आठवतात. कोलकात्यात वाढलेले, पुढे कॅलिफोर्नियात शिकवणारे पं. चित्रेश दास आणि टॅपवाला जेसन सॅम्युएल्स स्मिथ २००४ मध्ये अमेरिकन डान्स फेस्टिव्हलला भेटले आणि दोघांनी मिळून ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ उभं केलं. वयात साडेतीन दशकांचं अंतर! त्यांचे सवालजवाब बघा, दोघांना एकमेकांना काही समजावून सांगावं लागत नाही. मी तर बिनदिक्कत ‘घराणं’ लिहीन.

प्रतिसाद

वरच्या ताईंचा मान राखून, अजिबात नको.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेकीला टॅपच्या वर्गाला घातलंय. तिला सोडायला जाऊन जाऊन मलाच नाद लागला, म्हणून जरा लांबण लावते.

घराण्यात दार असतं. कोणी आत घ्यावं लागतं, गंडा बांधावा लागतो, चिजा राखून ठेवल्या जातात. टॅपमध्ये राखून ठेवायची सोयच नव्हती, कारण सगळं उघड्यावर. तुम्ही रंगमंचावर, आणि समोरच्या रांगेत तुमच्या पोटावर पाय द्यायला टपलेले दहा जण तुमचे बूट बघतायत. जॉन बबल्स या जुन्या टॅप नर्तकाबद्दल सांगतात की तो दर वेळी स्टेप थोडी बदलायचा. बघणाऱ्याला वाटावं, सापडली. तोवर हा पुढे. आता त्याने केलं काय तेही सांगते. त्याच्या आधीचा नावाजलेला नर्तक बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन नाचायचा तो चवड्यांवर. लाकडी तळव्यांचे बूट, अंग ताठ, आवाज मोत्यासारखा सुटा. बबल्सने टाच खाली आणली. टाचेचा आवाज जाड, खर्जातला. म्हणजे एका बुटात दोन सूर आले. वर त्याने गती निम्म्यावर आणली, त्यामुळे दोन मात्रांच्या मध्ये खेळायला जागा झाली. पुढचा सगळा जॅझचा टॅप त्या जागेत उभा आहे. यातलं त्याने कुणाला ‘दिलं’ असं काहीच नाही. लोकांनी घेतलं.

मुळातच ही सरमिसळ. आयर्लंडचा जिग नाच, इंग्लंडातल्या लँकेशायरचा लाकडी बुटांचा क्लॉग नाच आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची लय. १७३९ च्या उठावानंतर साउथ कॅरोलायनात गुलामांना ढोल वाजवायला कायद्याने बंदी झाली, मग ताल हातापायांत उतरला, असं टॅपवाले सांगतात. १८४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत कृष्णवर्णीय नर्तक विल्यम हेन्री लेन ऊर्फ जुबा आणि आयरिश वंशाचा जॉन डायमंड यांच्या पैजा लागायच्या. पैजेत समोरच्याचं घ्यायचं आणि वाढवून त्याच्यावरच फेकायचं. याला घराणं म्हणणार?

आणि वाहतं घराणं तुटत नाही म्हणावं, तर हे तुटलंही. १९५० पर्यंत मोठे बँड मोडले, नाइट क्लब बंद पडले, ब्रॉडवेला बॅलेचं वेड लागलं. होनी कोल्ससारखा कसलेला टॅप नर्तक हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये पडद्यामागची व्यवस्था बघत होता. १९४९ मध्ये रॉबिन्सन गेल्यावर या मंडळींनी ‘कोपासेटिक्स’ नावाचं मित्रमंडळ काढलं होतं (तो त्याचा लाडका शब्द, अर्थ ‘सगळं झकास’), त्यामुळे निदान एकमेकांना धरून राहिले. मग १९७० च्या दशकात त्यांना शोधत आल्या त्या बहुतांशी तरुण गोऱ्या मुली! ब्रेंडा बुफालिनोने कोल्सबरोबर कार्यक्रम केले, १९८६ मध्ये टॅपचा स्वतंत्र ऑर्केस्ट्राच काढला. आजोबांकडचं नातवाला न जाता शेजारच्या गल्लीतल्या पोरीने मागून नेलं, असा प्रकार. नातू नंतर आले. कृष्णवर्णीय नर्तकांच्या पुढच्या पिढीतला ग्रेगरी हाइन्स होताच, मग सॅव्हियन ग्लोव्हर.

प्रतिसाद

जर्सीच्या ताई, शेवटचा मुद्दा थोडा माझ्या बाजूचा नाही का? ग्लोव्हरने १९९६ च्या ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमात आरशांसमोर उभं राहून चक ग्रीन, लॉन चेनी, बस्टर ब्राउन, जिमी स्लाइड अशी एकेकाची नावं घेत त्यांच्या ढंगात नाचून दाखवलं. आपल्याकडे गवई उस्तादांचं नाव घेताना कानाची पाळी धरतात, तेच हे. घराणं नसेल, शागिर्दी तर आहे?

प्रतिसाद

शागिर्दी चालेल. उलट छान आहे, एकाच माणसाने चार उस्तादांची शागिर्दी केली असं म्हणता येतं. लेकीच्या बाईसुद्धा स्टेप शिकवताना ती कोणाची ते आधी सांगतात, मग ती करू देतात. माझी हरकत फक्त घराण्याला.

प्रतिसाद

दोघींचं भांडण मिटलेलं दिसतं, तर आता शब्दांकडे येऊ.

‘चोरणे’ कशाला शोधत बसलात? आपण ‘चाल उचलली’ म्हणतोच की. संगीतकाराने दुसऱ्याची चाल उचलली, हे वाक्य रोज कुठे ना कुठे वाचतो. चाल म्हणजे गाण्याची, चाल म्हणजे चालण्याची, आणि बुद्धिबळातलीही. टॅपची स्टेप या तिन्ही अर्थांनी चालच असते : ऐकायचीही, बघायचीही, आणि प्रतिस्पर्ध्यावर करायचीही. ‘उचलणे’ तर फारच बेतशीर बसतं, कारण पाऊलही उचलतातच. शिवाय त्या क्रियापदात दोन्ही छटा आहेत. ‘पोरगं भराभर उचलतं’ हे कौतुक, ‘उचलेगिरी’ ही शिवी. हूफर्स क्लबचा नियम मराठीत एका ओळीत येतो : उचला, पण उचलेगिरी नको.

हूफरसाठी ‘खूर’ सोडा, ‘टाप’ घ्या. घोड्याच्या टापा आपण आधी ऐकतो, घोडा नंतर दिसतो. नेमकं हेच हवंय ना? टॅप आणि टाप यांची सोयरीक मात्र लावू नका, दोन्ही आवाजावरून आलेले दिसतात, एवढंच. टाळकरी, विणेकरी तसा ‘टापकरी’. आणि ते आव्हान देऊन नाचणं असतं, तिथे ‘कुणाची टाप आहे!’ हे तर फुकटात मिळालं.

प्रतिसाद

टापकरी!! काका, हा शब्द मी आत्ताच उचलला.

प्रतिसाद

टापकरी गोड आहे, पण लेखभर नको. पहिल्यांदा ‘हूफर, म्हणजे टापकरी’ असं एकदा सांगावं आणि पुढे हूफरच ठेवावं. ती त्यांनी स्वतः निवडलेली ओळख आहे. हात पसरून रंगमंचभर फिरणारे वेगळे आणि जमिनीला धरून पायांनी वाजवणारे आम्ही वेगळे, असा त्यात ताठा आहे. नवा शब्द तो ताठा आणू शकत नाही, त्याला वय लागतं.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. ‘घराणं’ खोडलं, ‘शागिर्दी’ घेतली. ‘चाल उचलणे’ तर लेखाच्या मथळ्यातच टाकतेय. हूफर वरच्या प्रतिसादाप्रमाणे.

जाता जाता आणखी दोन. ‘शिम शॅम’चं काय करू? लिओनार्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बसवलेला ३२ मात्रागटांचा साधा नाच. सगळ्यांनी इतका उचलला की आता तो कुणाचाच राहिला नाही. कार्यक्रम संपताना म्हातारे, पोरं, प्रेक्षकांतले हौशी सगळे मंचावर येऊन तो एकत्र करतात. त्याला टॅपचं राष्ट्रगीत म्हणतात. ‘भैरवी’ लिहू का? आणि दुसरा ‘टाईम स्टेप’.

प्रतिसाद

भैरवी नको. भैरवी एकट्याने गायची, आणि तिच्यात हुरहुर असते. शिम शॅममध्ये नुसता धिंगाणा. नाव तसंच ठेवा.

टाईम स्टेपला ‘ठेका’. घोळून घोळून केलेली एक ठरावीक स्टेप, पूर्वी ती सुरुवातीला करायचे ते बँडला गती कळावी म्हणून. तालीम करायला वेळ नसायचा, रोज नवं गाव, नवे वादक. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो आणि नाचणारी त्यावर उभी राहते. इथे नाचणारा पायांनी ठेका देतो आणि वादक त्याच्या मागून येतात. ‘ठेका देणे’ लिहा, ‘ठेका धरणे’ नको. कंत्राटदाराची आठवण आली तर येऊ द्या.