गडावरच्या टाक्यातले जड दगड वर काढायला कप्पी कशी लावावी?

कातळटाकी:
खोदीव टाक्यात तटाचे दगड कोसळलेत. खोली 4 मीटर, तोंड दीड मीटर, सगळ्यात मोठा दगड अंदाजे 60×40×30 सेंमी. वन विभाग आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी मिळाली आहे. काठावर एकही झाड नाही. 11 मिमीचा स्टॅटिक रोप (फारसा न ताणणारा दोर) आणि कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) आहेत. आणखी काय न्यावं?

सह्यधार:
आधी वजन काढा. बेसॉल्ट घनमीटरला 2.8 ते 3 टन भरतो, म्हणजे हा दगड 200 ते 215 किलोचा. माणसांनी नुसता दोर धरून ओढायचं कामच नाही.

3 मीटरच्या तीन दोन-इंची जीआय पाइपांची तिपाई करा. शेंडा फॅब्रिकेशनवाल्याकडून बोल्टचा करून घ्या; नुसते दोराचे वेढे पाइपवरून घसरतात. तिन्ही पाय खाली एकमेकांना दोराने बांधा, नाहीतर कातळावर फाकतात. काठावरच्या जुन्या खांबांच्या खळग्यांत पाय रोवू नका.

वर दोन चाकांची कप्पी, खाली एका चाकाची. दोराचं टोक खालच्या कप्पीला बांधलं की भार तीन पदरांवर येतो. दोर 30 मीटर लागेल, कारण दगड 1 मीटर चढायला 3 मीटर ओढावा लागतो. ओढायचा पदर तिपाईच्या एका पायालगत खाली आणा आणि तिथे आणखी एका कप्पीतून वळवा. ही कप्पी पायाला नाही, जवळच्या भक्कम खडकाला स्लिंगने (पट्ट्याच्या फासाने) बांधा. वरून थेट आडवं ओढलंत तर तिपाई कलंडते. त्याच खडकाला 8 मिमीचा प्रुसिक (ताण आला की दोर घट्ट धरणारा दोरीचा फास) लावून तो कप्पीच्या अलीकडे, भाराकडच्या पदरावर, तीन वेढ्यांनी बसवा. दम खायला थांबलात तरी दगड मागे जाणार नाही. गाळाने माखलेल्या दोरावर प्रुसिक सरकतो, म्हणून फडकं जवळ ठेवा.

कातळटाकी:
कप्प्यांऐवजी कॅराबिनर चालतील का?

सह्यधार:
नको. चांगल्या बेअरिंगच्या कप्प्यांवर तिप्पट फायद्यातला अडीचपट हाती लागतो, म्हणजे 80-90 किलो ओढ. पाच जण पुरतात. कॅराबिनरवर बराचसा फायदा घर्षणातच जातो, आणि वर दोर तापतो.

पहारवाले:
गाळात रुतलेला दगड थेट उचलू नका. पहारीने चारी बाजूंनी सैल करा, कडेने पाणी सोडा. नाहीतर गाळ धरून ठेवतो, ओढ वाढत जाते आणि सुटताना दगड झोकांडी खातो. दोन पट्टे आडवे-उभे घाला, कडांवर पोतं. भार वर असताना टाक्यात कुणीही नको.

काठाच्या वर आला की तोंडावर दोन जाड वासे सरकवा, त्यावर उतरवा, मग पहारीने हलवा. लोंबकळता दगड हाताने बाजूला ओढायचा नाही.

आणि खांद्यावर नेणं जमत असेल तर 1 टनी चेन ब्लॉक (हाताने साखळी ओढून भार उचलणारं यंत्र) तिपाईला टांगा. ओझं वाढतं, पण दोन माणसांत काम होतं आणि साखळी सोडली तरी भार जागच्या जागी राहतो. घेताना साखळी किती मीटरची ते विचारा. बाजारात बहुतेक 3 मीटरचे मिळतात. तुम्हाला किमान 6 मीटर लागेल.