चुकला का हुकला?

आर्बरकर:
मंडळी, एक शब्द अडलाय.

सांगलीहून आई आली आहे. मुलगा मिशिगन विद्यापीठात शिकतो, घर तिथून वीस मिनिटांवर, त्यामुळे शनिवारी आमच्याकडे फुटबॉल असतो (इथला, लांबट चेंडूचा) हे तिने स्वीकारलंय. परवा मुलाने आणि त्याच्या मित्राने ओहायो स्टेटविरुद्धचा २०१८ चा सामना पुन्हा लावला. का लावला ते विचारू नका, काहींना खपली काढायची खोडच असते. त्या सामन्याआधी मिशिगनचा बचाव देशात पहिल्या नंबरावर होता, म्हणजे समोरच्याला सगळ्यांत कमी यार्ड पुढे सरकू देणारा. तोच बचाव घेऊन कोलंबसला, ओहायोच्या गावी, गेले आणि ६२-३९ असा मार खाऊन आले. ओहायोचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, ड्वेन हॅस्किन्स याने ३९६ यार्ड फेकले, सहा टचडाउन करवले (टचडाउन म्हणजे चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं).

झालं, भांडण सुरू. मित्र म्हणतो, कोचिंग! बचावाचे कोच डॉन ब्राउन यांनी दिवसभर तीच आखणी चालू ठेवली. मुलगा म्हणतो, आखणी वर्षभर चालली ना, मग त्या दिवशी पोरांचं एक्झिक्यूशन कमी पडलं. आई शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "एक्झिक्यूशन म्हणजे रे काय?" मुलाने कुठून तरी आठवून 'अंमलबजावणी' म्हटलं. आईला हसू आलं. "अंमलबजावणी योजनेची होते. ते पोरगं जिवाच्या आकांताने पळतंय, त्याची कसली अंमलबजावणी? मला एवढंच सांग, तो चुकला का हुकला?"

मुलगा गप्प, आणि खरं सांगायचं तर मीही. फरक आहे हे कळतं, पण सांगायला गेलं की सांगता येत नाही. जाणकारांनी उलगडून सांगावं.

अनुस्वार:
आईंना नमस्कार सांगा. प्रश्न त्यांनीच जास्त नेमका विचारलाय.

वाट चुकते, हिशोब चुकतो, पत्ता चुकतो. नेम हुकतो, शतक हुकतं, बढती हुकते. चुकण्यात दिशाच गेलेली असते. हुकण्यात दिशा बरोबर असते, वीतभर राहून जातं. म्हणून ९६ वर बाद झालेल्याचं शतक 'थोडक्यात हुकलं' म्हणतात, 'थोडक्यात चुकलं' कोणी म्हणत नाही.

खेळात बसवायचं तर असं: ज्याने डावी फट राखायची तो उजवीकडे धावला, तर तो चुकला. योग्य फटीत योग्य वेळी पोचला, पण समोरच्याची कंबर हातातून निसटली, तर हुकला. तुमच्या चिरंजीवांचं एक्झिक्यूशन म्हणजे बहुतेक दुसरं. पण इंग्रजीतला तो शब्द दोन्ही गिळून बसतो, आणि भांडण तिथेच सुरू होतं.

कज्जेदलाल:
अनुस्वार, गाडी चुकते त्याचं काय? मी बरोबर फलाटावर, बरोबर दिशेने धावत असतो, फक्त दोन मिनिटं उशीर. तुमच्या नियमाने ती हुकायला हवी. आणि काळजाचा ठोका चुकतो तेव्हा तो कुठली वाट चुकतो?

अनुस्वार:
गाडी हुकते असंही म्हणतात. ठोक्याचं मान्य. भाषेत नियमाला गळती असतेच, पण गळक्या छपराखालीही माणसं राहतात.

बकआय_वहिनी:
कोलंबसहून सप्रेम नमस्कार! आर्बरकर, तो सामना आमच्या घरी दर दिवाळीला लावतात.

आता गंमत बाजूला. तुम्ही तिसरं क्रियापद विसरलात. त्या दिवशी काय झालं ते पाहा. डॉन ब्राउन यांचं टोपणनाव 'डॉक्टर ब्लिट्झ'. क्वार्टरबॅकवर माणसं सोडायची आणि मागे उरलेल्यांनी आपापला एकेक गडी धरून पळायचं, ही त्यांची पद्धत. आमच्या लोकांनी दोन रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारे, मैदानाच्या दोन बाजूंनी आत पळवले, चेंडूच्या रेषेपासून जेमतेम पाच-सहा यार्डांवर, एकमेकांच्या खांद्याला खांदा घासेल इतके जवळून. आता त्यांच्या मागच्या दोघांनी काय करायचं? दोघांनी सरळ पळावं तर एकमेकांवर आदळतात. वळसा घालावा तर दोन पावलं मागे पडतात, आणि ज्याच्या मागे दोन पावलं पडायचं तो आमचा पॅरिस कॅम्पबेल! मग काय, आडवा पळता पळता तो उभा धावायला लागला की मागून नुसती पाठ दिसते.

टीव्हीवर मागे पडलेला बचावपटू दिसतो आणि आपण म्हणतो हुकला. पण तो चुकलाही नाही, हुकलाही नाही. त्याला चुकवलं. पोलिसाची नजर चुकवून निसटतात तसं. यात पोराचा दोष शोधू नये.

आणि ६२ सगळे बचावाच्या नावावर लावू नका. ख्रिस ओलाव्हेने तुमचा पंट (लाथेने लांब मारलेला चेंडू) अडवला आणि सेव्हिन बँक्सने तो चेंडू उचलून नेऊन टचडाउन केला. तेव्हा तुमचा बचाव मैदानावरच नव्हता.

लालमाती:
वहिनींनी सांगितलं त्याला आमच्याकडे एक शब्द आहे: तोड. प्रत्येक डावाला तोड असते. वस्ताद डाव शिकवतो तेव्हा तोडही शिकवतो, आणि नुसतं शिकवत नाही, घोटून घेतो. ढाक लावली की पाय कुठे टाकायचा हे पट्ठ्याने त्या क्षणी आठवायचं नसतं, पायानेच ते करायचं असतं. जी तोड तालमीत कधी घेतलीच नाही त्या डावावर पट्ठा चीत झाला तर त्याला काय विचारता? वस्तादाला विचारा.

पण दहा वेळा घोटून घेतलेली तोड कुस्तीत आठवली नाही, तर मात्र पट्ठ्याचा कान पिळा.

म्हणजे माझ्या मते प्रश्न 'कोचिंग का एक्झिक्यूशन' असा नाहीच. घोटून घेतलं होतं का, एवढाच आहे. आणि ते टीव्हीवर दिसत नाही. ते तालमीत दिसतं, पहाटे.

आर्बरकर:
लालमाती, हे मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, कॉलेजच्या पोरांना हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सक्तीचा सराव देता येत नाही, एनसीएएचा (कॉलेजच्या खेळांची संघटना) नियमच आहे. तेवढ्यात किती डाव आणि किती तोडी घोटणार? पोरं १८ ते २२ वयाची, वर परीक्षा आहेत. हा मुद्दा त्याचा. परीक्षेवर जरा जास्त जोर होता, का ते मला माहीत आहे.

तोडीचं पुढे काय झालं तेही सांगतो. २०१९ मध्ये ब्राउन यांनी जागा राखण्याचा, म्हणजे झोनचा, बचाव वाढवला. तोड आली म्हणायची. पण त्या वर्षी ओहायो नुसते फेकत बसले नाहीत, चेंडू हातात घेऊनही घुसले. जे. के. डॉबिन्स २११ यार्ड धावला आणि आमच्याच मैदानावर ५६-२७.

मग २०२१ मध्ये बाल्टिमोरच्या व्यावसायिक संघाकडून माइक मॅकडॉनल्ड बचावाचे कोच म्हणून आले, बर्फ पडत होता, आणि ४२-२७ असं जिंकलो. एडन हचिन्सनने क्वार्टरबॅकला तीनदा आडवं केलं. मित्र टेबलावर हात आपटून म्हणाला, "पोरगा तोच, कोच नवा. आता बोल!"

बकआय_वहिनी:
पोरगा तोच? हचिन्सन २०२० मध्ये पाय मोडून बसला होता. परत आला तो थोराड होऊन, आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ खेळाडू निवडतात त्यात) देशात दुसरा निवडला गेला. असा पोरगा असला की आमचे शेजारीसुद्धा कोच दिसतात. शिवाय त्या दिवशी तुमच्या हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले. त्याचं श्रेय बचावाच्या आखणीला कशाला?

महिनाभराने तीच आखणी आणि तोच हचिन्सन घेऊन जॉर्जियाच्या संघासमोर गेलात. ३४-११.

(हे लिहिताना मला किती बरं वाटतंय ते सांगत नाही.)

कज्जेदलाल:
वहिनी, जरा पाणी प्या. मी कोर्टातला शब्द आणलाय.

एक्झिक्यूशनला आमच्याकडे 'बजावणी' म्हणतात. हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नसतं, त्यासाठी वेगळी दरखास्त लावावी लागते. किती लोक निकालाची प्रत देवघरात ठेवून दरखास्तीत म्हातारे झाले! आणि दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाला हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही. निकाल चूक का बरोबर हे त्याने बघायचंच नाही, आहे तसा बजावायचा. बचावपटूचं हेच नाही का? बाकावरून आलेली खूण चुकीची वाटली तरी तीच बजावायची. शहाणपणा करून दुसरीकडे धावला तर मागे भगदाड.

आता शब्दाकडे बघा. 'बजावणे' आपण तीन ठिकाणी वापरतो. बापाने पोराला बजावलं, म्हणजे दटावून सांगितलं. समन्स बजावलं, म्हणजे ज्याचं त्याला पोचवलं. कर्तव्य बजावलं, म्हणजे करून दाखवलं. कोचने बजावलं, खूण बजावली गेली, पोराने बजावलं: इंग्रजीत ज्यावरून दोन तट पडतात ते सगळं आपल्याकडे एकाच क्रियापदात बसलंय. वाद मिटत नाही, पण कुठल्या 'बजावणे'ची गाडी अडली हे तरी विचारता येतं.

अनुस्वार:
झकास. 'अंमल' अरबी, 'बजावणे' फारसीकडून, आणि दरखास्तही तिकडचीच. आईंचं हसू मात्र योग्य होतं. 'अंमल' म्हटलं की मराठी कानाला एक तर सत्ता ऐकू येते नाही तर नशा. धावणाऱ्या पोराला नुसती 'बजावणी' पुरे.

एक अवांतर. जॉन मॅके हे सदर्न कॅलिफोर्नियाचे नावाजलेले कोच, चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेले. ते टँपा बेच्या व्यावसायिक संघाकडे गेले आणि तो संघ पहिले सलग २६ सामने हरला. तुमच्या संघाच्या एक्झिक्यूशनबद्दल काय वाटतं, असं विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, "माझा पाठिंबा आहे." इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ फाशी देणं असाही होतो, म्हणून हा विनोद. मराठीत करून बघा. 'संघाच्या अंमलबजावणीला माझा पाठिंबा आहे' म्हटलं की थेट मंत्र्याचं भाषण होतं.

लालमाती:
कज्जेदलाल, समन्सचं पटलं. पण त्या गोंगाटात खूण पोचते कशी?

बकआय_वहिनी:
परवापरवापर्यंत हातवारे आणि चित्रांचे मोठे फलक. बाकाजवळ उभे राहून चारजण हात हलवायचे, त्यातल्या तिघांचे खोटे. २०२४ पासून वरच्या गटातल्या संघांना बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये आवाज पोचवायची परवानगी मिळाली. डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तोही बंद. त्याने मग उरलेल्या दहाजणांना सांगायचं, लाखभर माणसं ओरडत असताना. २०२३ मध्ये खुणा चोरण्यावरून कोणाचं नाव गाजलं ते इथे लिहीत नाही, आर्बरकरांच्या आई वाचत असतील.

आर्बरकर:
वाचतायत. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

काल संध्याकाळी दुसराच एक सामना चालू होता, कोणाचा ते महत्त्वाचं नाही. रिसीव्हर एकटाच सुटला, आसपास वीस यार्डांत चिटपाखरू नाही. मुलगा म्हणाला, कोपऱ्यावरचा चुकला. मित्र म्हणाला, आखणीच गंडली. आईने त्यांना चित्र मागे घ्यायला लावलं, दोनदा. मग शेंगेच्या टरफलाने पडद्यावर दाखवलं: चेंडू सुटायच्या क्षणी मागचा एक पोरगा बाकाकडे बघत दोन्ही तळवे वर करून उभा होता.

"याला कोणी सांगितलंच नाहीये," आई म्हणाली. "आता याला काय म्हणता?"

कज्जेदलाल, हे समन्स न बजावल्यात धरायचं का?

कज्जेदलाल:
धरायचं. आईंना सांगा, पुढची तारीख शनिवार.