मदत हवी आहे: एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) भरपूर, तरी गेम ठेचकाळतो (भविष्यकाळातला शूटर, पीसी)

मंडळी,

गेले दहा-बारा दिवस एक भविष्यकाळातला शूटर खेळतोय. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर गेम भारी की भंगार यावरच हाणामारी होते आणि प्रश्न बाजूला राहतो. (अनुभवाचे बोल.)

आधी चांगलं सांगतो, म्हणजे मी शिव्या घालायला आलेलो नाही हे कळेल. बऱ्याच साय-फाय शूटरमध्ये लेझर बंदूक म्हणजे टॉर्च मारल्यासारखा प्रकार असतो. इथे तसं नाही. गोळ्या संपत नाहीत, बंदूक तापते. तापत गेली की तिचा आवाज चढतो, त्यामुळे शत्रूवरची नजर न काढता नुसत्या कानांनी कळतं की आता दोनदाच चाप ओढायचा. ढालीला तडा गेल्याचा आवाज वेगळा, ढाल फुटल्याचा वेगळा. भिंतीवरून धावणं, घसरणं, हुक टाकून वर जाणं, सगळं एका दमात होतं. मोडक्या अंतराळ स्थानकात एक लढाई आहे, तिथे मध्येच गुरुत्वाकर्षण जातं आणि ज्या पेटीआड आपण लपलोय तीच तरंगायला लागते. ती लढाई मी गरज नसताना तीनदा खेळलो. कथा सुमार आहे, पण ते असू दे.

आता रडगाणं. आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी व्हीरॅमचं (म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी) ग्राफिक्स कार्ड, गेम एसएसडीवर, मॉनिटर १४४०पी आणि १४४ हर्ट्झ. सरासरी ९० एफपीएस मिळतात. आकडे बघून कोणी म्हणेल, याला झालंय काय? पण खेळताना मध्येच पाव सेकंद चित्र गोठतं, आणि तेही नेमकं समोरचा नेम धरत असताना. अल्ट्रावरून मीडियमवर आलो, रिझोल्यूशन १०८०पी करून पाहिलं, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या ठोक्याला जुळवणारी सेटिंग) चालू-बंद केलं. ढिम्म फरक नाही. नवा ड्रायव्हर टाकला तर त्या दिवशी उलट जास्तच अडखळला. शिवाय तासाभराने भिंतींवरचे टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) लिंपल्यासारखे सपाट दिसायला लागतात. फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं तो कोन) ८० च्या पुढे जात नाही, ती डोकेदुखी वेगळीच (अक्षरशः).

दोष माझ्या मशीनचा की गेमचा? रॅम ३२ करून उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

निवांत_नेमबाज: विंडोज नव्याने टाका.

धागाकर्ता: हा सल्ला कधी येतोय याचीच वाट बघत होतो.

गल्लीबोळ: स्टीमवर घेतला असेल तर परत करून मोकळे व्हा. १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात.

धागाकर्ता: १७ तास झालेत. आणि खरं सांगायचं तर परत करायचाच नाहीये.

जुनं_खोड: रॅम घेऊ नका, थांबा. आधी सरासरीकडे बघणं सोडा. मिनिटाभरात पाव-पाव सेकंदाच्या दोन ठेचा लागल्या तर सरासरी ९० वरून जेमतेम ८९ होते. आकड्याला काही कळतच नाही, हाताला मात्र कळतं. आरटीएसएसमध्ये (एफपीएस मोजणारं सॉफ्टवेअर) फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळाचा, आलेख चालू करा. ९० एफपीएसला रेघ ११ मिलिसेकंदांच्या आसपास सपाट असायला हवी, ठेच लागली की सुळका दिसेल.

मग एकच कसोटी. जिथे अडखळतो तीच जागा, गेम बंद न करता, सेव्ह लोड करून पुन्हा खेळा. दुसऱ्यांदाही अडखळतो का, तेवढं कळवा. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूची (ग्राफिक्स कार्डाची) डेडिकेटेड म्हणजे स्वतःची आणि शेअर्ड म्हणजे साध्या रॅममधली मेमरीही बघून ठेवा.

धागाकर्ता: केलं. गंमत म्हणजे दोन प्रकार निघाले. नवीन बंदूक पहिल्यांदा चालवली, नवा स्फोट पहिल्यांदा झाला की ठेच, पण दुसऱ्यांदा अगदी लोण्यासारखं. लिफ्टचं दार मात्र दर वेळी अडकतं, कितीही वेळा गेलो तरी. आणि तासाभराने डेडिकेटेड मेमरी ८ जीबीला टेकते, शेअर्ड वाढत जाते.

जुनं_खोड: दोन नाही, तीन आजार आहेत, म्हणून एका औषधाने जात नव्हते.

पहिल्यांदाच लागणारी ठेच शेडरची (वस्तू, उजेड, स्फोट पडद्यावर कसे दिसावेत हे ठरवणारा छोटा प्रोग्रॅम). प्रत्येक शेडर तुमच्या कार्डाच्या भाषेत उतरवावा लागतो. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्याने तिथे तो तयार करूनच देता येतो, पीसीवर कार्डं शंभर प्रकारची. हे काम आधीच उरकलं नसेल तर ऐन लढाईत होतं आणि फ्रेम ताटकळते. काम प्रोसेसरचं, त्यामुळे रिझोल्यूशन उतरवून काही होत नाही. नवा ड्रायव्हर टाकला की जुना कॅशे (तयार करून साठवलेले शेडर) बाद, म्हणून त्या दिवशी जास्त त्रास. मुख्य मेनूत शेडर तयार होण्याची पट्टी दिसत असेल तर ती पूर्ण होऊ द्या. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशेची मर्यादा वाढवा.

लिंपलेल्या भिंतींचा दोष व्हीरॅमचा. ती भरली की टेक्श्चर साध्या रॅममधून यायला लागतात, तो रस्ता फारच हळू. फक्त टेक्श्चर एक पायरी खाली आणा, बाकी अल्ट्रा ठेवा.

लिफ्टमागे पुढचा भाग लोड होतोय. तिथे तुमच्या हातात काही नाही, पॅचची वाट बघा.

गल्लीबोळ: म्हणजे गेमवाल्यांचाच आळस!

जुनं_खोड: सगळाच नाही. २००७ चा क्रायसिस आठवा. एकेका कोअरचा वेग वाढत जाईल हे धरून बनवला होता, प्रत्यक्षात कोअरच वाढले. त्यामुळे तो पुढच्या प्रोसेसरांनाही घाम फोडत राहिला. २०१४ च्या टायटनफॉलने उलटं केलं. पीसीवर ४८ जीबी जागा घेतली, त्यातला ३५ जीबी आवाज कॉम्प्रेस न केलेला, का तर दोन कोअरच्या मशीनवर तो उलगडण्यात ताकद जाऊ नये. तेव्हा त्यालाही लोकांनी शिव्याच घातल्या होत्या.

धागाकर्ते, अजून एक. एफपीएस ७२ ला बांधून बघा. १४४ हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसेल.

धागाकर्ता: चार दिवसांनी लिहितोय, क्षमस्व. मेनूतली पट्टी मी रोज एस्केप दाबून उडवत होतो, हे कबूल करायला लाज वाटतेय. ती पूर्ण होऊ दिली, कॅशे वाढवला, टेक्श्चर एक पायरी खाली. नव्या बंदुकांच्या ठेचा जवळजवळ गेल्या. दोन तास खेळूनही भिंती शाबूत. ७२ ला बांधायला मन होत नव्हतं, पण रेघ बघितली आणि तसंच ठेवलं. रॅमचा बेत रद्द. जुनं_खोड, मनापासून आभार.

फील्ड ऑफ व्ह्यू अजून ८०च. लिफ्टही अडकतेच, तेवढ्यात मागून कोणी येत नाही ना, हे बघूनच आता आत शिरतो.