मदत हवी आहे : फोंड्यात घराच्या परसात कोंबड्या पाळण्याबाबत नियम

आमचे जुने कौलारू घर फोंडा नगरपालिकेच्या हद्दीत असून मागच्या परसात सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. खुराडे चिऱ्यांच्या जोत्यावर फळ्या व जाळी ठोकून केलेले आहे आणि मुंगसाच्या भीतीने ते रात्री बंदच असते. शेजारच्या मोकळ्या जागेत आता इमारत उभी राहिली असून तिथल्या एका कुटुंबाने पहाटेचे आरवणे आणि पावसाळ्यातील वास या कारणांवरून पालिकेत तक्रार करण्याची भाषा सुरू केली आहे. वासाबद्दलचे त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही, कारण जूननंतर खाली अंथरलेले भाताचे तूस कितीही बदलले तरी ओल धरतेच.

घरच्या अंड्यांपुरत्या कोंबड्यांसाठी पालिकेची परवानगी लागते का, खुराडे कुंपणापासून किती अंतरावर असावे आणि तक्रार झालीच तर ती कोणत्या कायद्याखाली चालते, हे समजून घ्यायचे आहे. गावातले नातेवाईक ‘कोण विचारतो?’ म्हणून मोकळे होतात. पण त्यांना 1994 चा गोवा पंचायत राज कायदा लागू, आम्हाला 1968 चा गोवा नगरपालिका कायदा, तेव्हा त्यांच्या अनुभवावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर :

परवानगी आणि अंतर हे पालिकेच्या उपविधींचे विषय आहेत, म्हणून तोंडी विचारपूस न करता मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. उत्तर टाळले गेल्यास माहिती अधिकाराखाली विचारावे, तिथे 30 दिवसांची मुदत आहे. हजारो पक्ष्यांच्या पोल्ट्रीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घातलेल्या अटी कोणी आपल्याला दाखवल्या तर घाबरू नये, त्या परसातल्या सात कोंबड्यांसाठी नाहीत.

खरा प्रश्न उपद्रवाचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133) दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतात. शिवाय 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र सकाळी सहापर्यंत धरली आहे आणि निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, त्यामुळे पहाटे पाचचे आरवणे आपली बाजू लंगडी करते. खुराड्यात उजेड शिरू न दिल्यास ते थोडे लांबते, पण कोंबड्याला स्वतःचेच घड्याळ असते.

माझे मत विचाराल तर कोंबडा गावातल्या नातेवाइकांकडे पाठवावा. कोंबड्या त्याच्याशिवायही अंडी घालतात; पिल्ले तेवढी मिळणार नाहीत आणि खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ठेवायला फळलेली अंडी बाहेरून आणावी लागतील. ओलीसाठी छपराची पागोळी हातभर पुढे काढावी आणि विष्ठा रोज उचलून माडाच्या आळ्यात न टाकता झाकणाच्या खतकुंडीत टाकावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानमोडी अर्थात राणीखेतची लस टोचून घेतल्यास तिची नोंद तक्रारीच्या वेळी उपयोगी पडेल.