नोकरी सोडून प्रभूच्या सेवेत जावे, की आहे त्याच टेबलावर राहावे?

हिशेबनीस यांचा प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. गेली अकरा वर्षे मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करतो. बिले फाडणे, येणे-देणे जुळवणे आणि महिनाअखेरीस ताळा घालून आकडे वरिष्ठांपुढे ठेवणे, एवढेच माझे काम आहे. आमच्या मंडळीत कोणी ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणासाठी निघाले की त्याला उपासनेत पुढे बोलावतात, वडीलजन त्याच्यावर हात ठेवतात आणि सर्व मंडळी उभी राहून प्रार्थना करते. मी नोकरीला लागलो तेव्हा असे काही झाले नाही आणि व्हावे असे त्या वेळी मला वाटलेही नव्हते. आता मात्र, दर रविवारी ‘पाचारण’, म्हणजे देवाने कामासाठी बोलावणे, हा शब्द ऐकताना, तो माझ्यासाठी आहे की नाही हे मला कळेनासे झाले आहे. आपण राजीनामा देऊन पूर्णवेळ सेवेत जावे, असा विचार वर्षभर मनात घोळत आहे.

दुसरी अडचण अधिक टोचणारी आहे. महिन्याचे उद्दिष्ट अपुरे पडले की पुढच्या महिन्याच्या दोन-तीन तारखेला जाणाऱ्या मालाची बिले आदल्या महिन्याच्या अखेरच्या तारखेने फाडावी, असे मला सांगितले जाते. फाटकावरच्या वहीत गाडी बाहेर पडल्याची वेळ दोन तारीख, सकाळी नऊ चाळीस अशी असते आणि माझ्या संगणकावर तीच गाडी एकतीस तारखेला गेलेली असते. माल खरोखर जातो, ग्राहक खरोखर पैसे देतो आणि कोणाच्याही खिशात वावगे काही पडत नाही. माझे वरिष्ठही वाईट गृहस्थ नाहीत. माझी आई आजारी असताना ते तीन वेळा भेटायला आले होते. तरीही त्या संध्याकाळी मी घरी गेलो की प्रार्थनेला बसवत नाही. आपल्यापैकी कोणी या वाटेने गेले असल्यास कृपया लिहावे.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी तीस वर्षे परिचारिका होते, त्यांतली निम्म्याहून अधिक रात्रपाळीत गेली. तुमच्या पहिल्या प्रश्नापुरते लिहिते, कारण दुसऱ्याचे मला ज्ञान नाही; निदान सुरुवातीला मला तसे वाटले होते.

तरुणपणी माझी समजूत अशी होती की रुग्णाजवळ बसून प्रार्थना केली की ती सेवा आणि बाकीची सगळी ड्यूटी. जे रुग्ण स्वतःहून हलू शकत नाहीत त्यांना साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर दाब येऊन त्वचा आधी लाल होते, मग फाटते आणि एकदा झालेली ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. हे काम पाठ मोडणारे आहे आणि त्याबद्दल कोणी आभार मानीत नाही, कारण नीट केले तर काहीच घडत नाही. पहाटे चारच्या सुमारास, हाताखाली कोणी नसताना, रुग्णाला न वळवता तक्त्यावर ‘डावी कूस’ लिहून मोकळे होण्याचा मोह किती मोठा असतो, हे ज्याने ती पाळी केली आहे त्यालाच समजेल. मी एकदा तसे लिहिले. सकाळी त्या बाईंच्या पाठीवर रुपयाएवढा लाल डाग होता आणि तक्ता पाहिला तर सगळे काही वेळच्या वेळी झालेले होते. त्या दिवसापासून ‘सेवा’ आणि ‘ड्यूटी’ असे दोन वेगळे खण माझ्या मनात राहिले नाहीत. तुमच्या फाटकावरच्या वहीविषयी वाचले आणि मला तोच तक्ता आठवला.

आणखी एक. आपल्या कामात आनंद वाटत नाही म्हणून ते पाचारण नव्हे, असे समजू नका. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात निकोला हेर्मां नावाचे एक बंधू होते. मठात त्यांना लॉरेन्स म्हणत. स्वयंपाकघरातल्या कामात देवाच्या सान्निध्यात राहिलेला माणूस म्हणून त्यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, परंतु त्यांना त्या कामाचा मुळापासून तिटकारा होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तरी त्यांनी पंधरा वर्षे ते केले. मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना पाठवले तेव्हाही तीच तऱ्हा: व्यवहाराची जाण नाही, पाय अधू, त्यामुळे नावेत पिंपांवरून अक्षरशः लोळत इकडून तिकडे जावे लागे. ‘प्रभो, हे काम तुझे आहे’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून ते कामाला लागत आणि काम पार पडे. मला हे चित्र फार दिलासा देते.

शंकेखोर यांचे उत्तर

वरील उत्तराचा आदर राखून एक हरकत नोंदवतो. ‘जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ हे कलस्सैकरांस पत्रातील वचन अशा चर्चेत लगेच पुढे येते, म्हणून आधीच लिहितो. ते वचन दासांना उद्देशून आहे आणि त्याच्या पाठोपाठ, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, धन्यांनी दासांशी न्यायाने व समतेने वागावे अशी आज्ञा आहे. पहिला भाग भिंतीवर चौकटीत लावला जातो. दुसरा लावलेला मी अद्याप पाहिलेला नाही. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे सांगितले आहे. मी ज्या ख्रिस्ती संस्थेत काही काळ काम केले तिथे पगार दोन-दोन महिने रखडत असे आणि विचारले की ‘ही सेवा आहे’ असे उत्तर मिळे.

म्हणून प्रत्येक नोकरीला पाचारणाचे नाव देण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल साधेच कारण देतो: हातांनी चांगले काम करावे, म्हणजे गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असेल. घर चालवण्यासाठी आणि दुसऱ्याला हात देण्यासाठी नोकरी करणे हे पुरेसे प्रतिष्ठेचे कारण आहे. त्याला वरून मुलामा देण्याची गरज नाही.

एका पाळकाचे उत्तर

हिशेबनीस यांनी वर्णन केलेली हात ठेवण्याची प्रार्थना मी स्वतः अनेकदा चालवली आहे आणि त्यांचा प्रश्न वाचून मला संकोच वाटला. दोष आम्हा पाळकांकडे आहे. १५२० साली जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिताना धर्मसुधारक मार्टिन लूथरने चांभार, लोहार, शेतकरी आणि बिशप या सर्वांचा आत्मिक दर्जा एकच असून भेद केवळ नेमून दिलेल्या कामाचा आहे, असे ठामपणे मांडले होते. पाच शतके उलटली, तरी आमच्या उपासनेच्या क्रमात चांभाराला जागा सापडलेली नाही.

शास्त्राकडे वळताना मी तुमच्याच व्यवसायाच्या जवळचे लोक घेतो, म्हणजे जकातदार. लूकच्या शुभवर्तमानातल्या तीन प्रसंगांत ते तीन वेगळ्या तऱ्हांनी भेटतात. तिसऱ्या अध्यायात ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला ‘आम्ही काय करावे?’ असे विचारतात आणि तो त्यांना नाका सोडायला सांगत नाही, तर ठरवून दिले आहे त्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगतो. पाचव्या अध्यायात लेवी मात्र जकातनाक्यावरून उठतो आणि सर्व सोडून येशूच्या मागे जातो. एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे बोलतो. त्याने पद सोडले की नाही याविषयी लूक एक अक्षरही लिहीत नाही. धंदा एकच असून उत्तरे तीन आहेत. तेव्हा ‘सोडणे’ म्हणजे वरचे पाचारण आणि ‘राहणे’ म्हणजे खालचे, अशी पायरी निदान या तीन अध्यायांतून तरी काढता येत नाही. हिशेबाचा आकडा योग्य असावा, ही मागणी मात्र योहान आणि जक्कय या दोघांच्याही तोंडी आहे.

शंकेखोर यांची हरकत मला बव्हंशी मान्य आहे. ‘ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीत राहा’ हे करिंथकरांस पहिल्या पत्रातील वचनही लोकांना जागच्या जागी दाबून ठेवण्यासाठी वापरले गेले आहे, आणि वापरणारे पुढची ओळ वाचत नाहीत, जिथे पौल दासाला सांगतो की मोकळे होता येत असेल तर ती संधी साध. पण मुलाम्याविषयी मी थोडा वेगळा विचार करतो. जुन्या करारातील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झाल्याचे ज्याच्याविषयी लिहिले आहे तो बसालेल संदेष्टा नव्हता, याजक नव्हता. तो सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करणारा कारागीर होता.

राजीनाम्याविषयी एक व्यावहारिक गोष्ट. सेवेचे पाचारण खरोखर असेल तर ते आणखी वर्षभर थांबू शकते. परंतु एकतीस तारखेपासून सुटका म्हणून इकडे येत असाल, तर इथेही वार्षिक सभा असते, इथेही हिशेब मंजूर करून घ्यावे लागतात आणि इथलेही वरिष्ठ आजारपणात भेटायला येतात.

लेखापरीक्षक यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नावर अजून कोणी सरळ लिहिले नाही, म्हणून लिहितो. ‘वावगे काही पडत नाही’ हे तुमचे वाक्य तपासून पाहावे. त्या आकड्यावर बँक कर्ज देते, भागधारक भाग ठेवतो किंवा विकतो, आणि बहुधा तुमच्या वरिष्ठांचा किंवा त्यांच्या वरिष्ठांचा बोनस ठरतो. विक्री एका महिन्यातून दुसऱ्यात ढकलली की पुढचा महिना तेवढाच रिकामा होतो, म्हणून पुढच्या वेळी थोडी अधिक ढकलावी लागते; हा खड्डा आपोआप बुजत नाही. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, असे बायबलमधील नीतिसूत्रांत म्हटले आहे; ते धान्यापुरतेच समजू नये. आमच्या कामातली जुनी रीत अशी की वर्षअखेरीच्या अलीकडचे आणि पलीकडचे काही दिवस निवडायचे आणि बिलाची तारीख, मालाचे चलन व फाटकावरची वही एकमेकांशी ताडून पाहायची. ते नऊ चाळीस कधी ना कधी कोणीतरी वाचणार आहे, आणि नोंद करणारे नाव तुमचे असेल.

काय करावे, यासाठी मला अठराव्या शतकातील जॉन वुलमन या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातील गृहस्थांचा प्रसंग उपयोगी वाटत आला आहे. न्यू जर्सीत एका दुकानदाराकडे ते विशीत असताना कारकून होते. मालकाने एका गुलाम स्त्रीची विक्री केली आणि विक्रीखत लिहायला सांगितले. गिऱ्हाईक समोर बसलेले होते. वुलमन यांनी खत लिहिले, पण लिहिताना मालक आणि गिऱ्हाईक या दोघांच्या देखत सांगितले की गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मी मानतो. एवढे बोलूनही त्यांचे मन स्वस्थ झाले नाही. आपल्याला यातून वगळावे असे मालकाला म्हणायला हवे होते, हे त्यांना नंतर उमगले, आणि पुढे दुसऱ्या एकाने तसलाच दस्त लिहायला सांगितला तेव्हा त्यांनी सौम्य शब्दांत नकार दिला. तुमचे बिल आणि ते खत यांचे वजन एक नाही, हे मी जाणतो. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की पहिल्या वेळी माणूस गिऱ्हाईक समोर असताना पेचात सापडला आणि दुसऱ्या वेळी त्याचे उत्तर आधीच तयार होते.

म्हणून एकतीस तारखेच्या संध्याकाळी बोलू नका. महिन्याच्या मध्यावर, ताण नसताना, वरिष्ठांना एकट्याने भेटा. आरोप न करता सांगा की यापुढे मी बिल गाडी निघाल्याच्या तारखेनेच फाडीन. त्याबरोबर त्यांच्या हाती काहीतरी द्या: ‘मागणी पक्की झाली, माल तयार, पाठवणे बाकी’ अशी वेगळी यादी दर महिन्याला करून दिलीत, तर त्यांना वर दाखवायला खरा आकडा मिळेल. तरीही त्यांनी आग्रह धरला तर सूचना लेखी मागा. बहुतेक वेळा ती लेखी येत नाही.

हिशेबनीस

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला सहा आठवडे लागले, कारण मधला महिना संपण्याची मी वाट पाहत होतो.

मी चौदा तारखेला बोललो. वरिष्ठांनी ऐकून घेतले, चष्मा काढून पुसला आणि ‘बघू’ म्हणाले. यादी मी करून दिली. ती त्यांनी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातल्या एका आकड्याविषयी विचारलेसुद्धा. राजीनाम्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, तो भीतीने की समजुतीने हे मला अजून नक्की सांगता येत नाही. परिचारिका ताईंचा तक्ता मात्र रोज आठवतो.

एकतीस तारखेला माझ्याकडे कोणतीही जादा बिले आली नाहीत. चार बिले शेजारच्या टेबलावर गेली. तिथे बसणारा मुलगा नोकरीला लागून आठ महिने झाले आहेत आणि त्याला काम मीच शिकवले आहे. त्याने ती फाडली आणि संध्याकाळी निघताना, रोज थांबतो तसा, माझ्यासाठी थांबला नाही. त्याच्याशी आधी बोलावे की पुन्हा वरिष्ठांकडे जावे, हे मला ठरवता येत नाही, आणि लेखापरीक्षक महोदयांनी याविषयी काही लिहिल्यास मी ते येत्या चौदा तारखेपूर्वी वाचू इच्छितो.