1897 साली मिळालं ते गुणोत्तर

इलेक्ट्रॉनचा प्रभार, म्हणजे त्याच्यावरचा विद्युतभार, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसननं 1897 मध्येच मोजला, असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. जरा दुरुस्ती. तेव्हा त्याला मिळालं ते प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर. पुढे प्रयोगशाळेत बनवलेल्या ढगातल्या थेंबांवरून त्यानं प्रभाराचा अंदाज बांधला, पण ढोबळच. नेमका आकडा काढला अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकननं, शिकागोत, 1909 पासून, प्रभारित थेंबांवर प्रयोग करून. आधी पाण्याचे थेंब घेतले, त्यांची बघता बघता वाफ होऊन जायची. मग तेल आलं. त्यात हार्वी फ्लेचर या विद्यार्थ्याचा वाटा मोठा, नाव मात्र मिलिकनचंच झालं.

नागपुरात बीएस्सीला हा तेलाच्या थेंबांचा प्रयोग मी केलाय, तोही एप्रिलात. काळोखात चमकणारा एक ठिपका, तोच तेलाचा थेंब. आमच्या सूक्ष्मदर्शकात चित्र उलटं, त्यामुळे पडणारा थेंब वर चढताना दिसायचा! पडण्याच्या वेगावरून वजन, थेंब अधांतरी थोपवायला लागलेल्या व्होल्टेजवरून प्रभार. थेंब ज्यात सोडायचे त्या चेंबरचं झाकण नीट बसत नव्हतं, कूलर लावला की ठिपका पसार. म्हणून घाम पुसत बसायचं.

मिलिकनचा 1913 चा आकडा आजच्या हिशेबात 1.592 × 10⁻¹⁹ कूलोम (प्रभाराचं एकक), खरा 1.602 × 10⁻¹⁹. हवेची श्यानता, म्हणजे पडणाऱ्या थेंबाला अडवणारा तिचा चिकटपणा, त्यानं किंचित कमी धरली होती, तेवढंच नडलं.